वांगं म्हणजे काय?

मुंबईहून डॉक्टर होऊन मी धुळ्यात नुकता दवाखाना थाटला होता, आणि माझ्याइतका शहाणा माणूस पांझरेच्या दोन्ही काठांवर नाही अशी माझी खात्री होती. औषधाच्या बाटल्यांना लावायच्या चिठ्ठ्या मी गल्लीतल्याच छापखान्यात छापायला दिल्या. मजकूर असा: 'जेवणानंतर दोन चमचे, दिवसातून चार वेळा.' दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांऐवजी तिथला अक्षरं जुळवणारा कंपोझिटरच दारात उभा राहिला. काळाशार, किडकिडीत, डोक्याला मळकी टोपी, आणि डाव्या हाताने स्वतःच्या कानाची पाळी धरलेली.

"डॉक्टरसाहेब, आपला मानूस दिनमा चार येळा जेवस का?"

"नाही बुवा. दोनदा."

"मंग तो दवाई बी दोनच येळा पी. बरा कसा व्हई? आन् नाव तुम्हनं खराब."

मी कागद घेतला, 'जेवणानंतर' खोडलं आणि मुकाट्याने परत दिला. दगडूनानांची आणि माझी ओळख ही अशी झाली. कॉलेजात पाच वर्षं घालवून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते या चौथी पास माणसाने उभ्या उभ्या सांगितलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तो संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही.

नाना राहायचे देवपूरला. रोज सकाळी नदी ओलांडून यायचे, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. आल्यावर आधी केससमोर उभे राहून हात जोडायचे. केस म्हणजे लहान लहान घरं पाडलेली मोठी लाकडी पेटी. एकेका घरात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. नाना कागदाकडे बघत आणि त्यांचा उजवा हात आपणहून घराघरांतून फिरे. हाताकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. बोटांची टोकं काळी ती काळीच. ती एकादशीला पण धुवून निघत नसत.

मजकुरात चूक सापडली की हात थांबायचा आणि कानाची पाळी धरली जायची. वकील असो, मामलेदार असो, नाना चूक सोडत नसत. "लिहिनारा घाईमा रहास, खिळा घाईमा नही रहात," असं म्हणायचे. कुणी विचारलं, नाना, तुम्हाला काय करायचंय, दिलं ते छापा, तर म्हणायचे, "आरे, उद्या लोक वाचतीन ना!"

मी त्यांची टिंगल करायचो. टिंगलीचा ठरलेला विषय एकच. अर्ध्या खानदेशाच्या बायकांची नावं या माणसाने लग्नपत्रिकांत जुळवली. पण स्वतःच्या बायकोचं नाव घ्या म्हटलं की गडी घामाघूम. तेव्हा नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसतच, त्यात नवल नव्हतं. पण लग्नात, मंगळागौरीला, कधीतरी उखाण्यात का होईना, घ्यायची वेळ यायची. नानांनी म्हणे स्वतःच्या लग्नातही घेतलं नव्हतं. बायका दार अडवून उभ्या राहिल्या तर हे मागच्या खिडकीतून पळाले. "तिन्हं नाव मन्हा तोंडमा कसं येई, साहेब?" एवढं बोलून ते लाजायचे, तेही पन्नाशीच्या पुढे. घरात बायकोला हाक एकच: "अवं, आयकस का?" आणि आतून उत्तर यायचं, "आयकस, आयकस." बाकी सगळं देवपूर तिला अक्का म्हणे. मीही अक्काच म्हणायचो.

पहिली गडबड झाली ती एका लग्नपत्रिकेवरून. पारोळ्याचे गोविंदभाऊ, चांगले सधन शेतकरी, मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला देऊन गेले. मजकूर लिहिणाऱ्या भाच्याने जुन्या पत्रिकेवरून नक्कल मारली आणि आजोबांच्या नावाआधीचं 'कै.' गोविंदभाऊंच्या नावाआधी लावून ठेवलं. नाना गोविंदभाऊंना वीस वर्षं ओळखत होते. पाचच दिवसांपूर्वी त्यांच्याबरोबर चहा प्यालेले. आणि नानांनी ते 'कै.' जसंच्या तसं जुळवलं, हात थांबला नाही, कान धरला नाही. पाचशे पत्रिका छापून पारोळ्याला गेल्या.

तिसऱ्या दिवशी गोविंदभाऊ छापखान्यात हजर. हातात पत्रिका, अंगावरचं उपरणं रस्त्यावर लोळतंय. "नाना, मी जित्ता शे ना रे भाऊ? नीट देख मन्हाकडे!" गल्ली हसून हसून पडली. मी पण हसलो. नाना हसले नाहीत. पत्रिका हातात घेऊन ते 'कै.' वर बोट ठेवून उभे राहिले आणि हळूच विचारलं, "यान्हात चुकलं काय?"

छापखान्याचे मालक, त्यांना सगळे आबा म्हणत, तापट पण मनाने वाईट नव्हते. त्यांना वाटलं, नाना कशावरून तरी रुसलेत आणि मुद्दाम करतायत. पुढच्या महिन्यांत असं आणखी तीन-चारदा झालं. जुळवलेलं अक्षर न् अक्षर कागदाबरहुकूम, पण मजकुरातली चूक सापडणं बंद. त्याच सुमाराला नानांच्या बोलण्यातून शब्द गळायला लागले. चष्म्याला "ते डोयानं", कुलपाला "ते दारनं". मग मी पुढे सरसावलो. मी म्हणजे शहाणा ना! मी निदान केलं: शिसं. जन्मभर शिशाचे खिळे हाताळले, ते अंगात भिनलं. हिरड्यांवर निळी रेघ दिसते का पाहिलं, दिसली नाही. पोटात कळा? नाहीत. मनगट लुळं? मुळीच नाही. तरी मी हट्टाने म्हटलं, शिसंच. सहा महिने केसला हात लावायचा नाही.

त्या सहा महिन्यांची मला आजही लाज वाटते. नाना रोज सकाळी भाकरी बांधून नदी ओलांडून यायचे आणि छापखान्यासमोरच्या ओट्यावर दिवसभर बसायचे. हात मांडीवर, आणि बोटं आपली मांडीवरच घरं शोधत फिरतायत. सुधारणा काडीची नाही. एक दिवस अक्का दवाखान्यात आली. उंच, हाडापेराने मोठी बाई, एरवी कधी आवाज न चढवणारी. म्हणाली, "डाक्टर, तुम्हीन त्यास्ना हातमाईन काम काढी लिधं. तोंडमाईन शब्द त्या पहिलेच जाई राह्यनात. आते मानूसकडे राह्यनं काय?"

दुसऱ्याच दिवशी मी तिला आणि नानांना घेऊन छापखान्यात गेलो. आबा फुरंगटले. "डॉक्टर, तुम्ही भोळे आहात. हे ढोंग आहे. दाखवतो." आणि त्यांनी शेजारचं एक छापील पान नानांच्या हातात दिलं. शेतकी खात्याचं पत्रक होतं, भाजीपाल्याच्या लागवडीचं. नानांनी ते खणखणीत वाचलं. कुठे अडखळणं नाही, ऱ्हस्वाचं दीर्घ नाही. आबांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

मी पानावर बोट ठेवलं. "नाना, हा शब्द वाचा."

"वांगं."

"वांगं म्हणजे काय?"

नानांनी शब्दाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा शब्दाकडे. "वांगं... वांगं..." त्यांनी दोन-तीनदा घोळवून पाहिलं. "कथं तरी आयकेल शे," ते शेवटी म्हणाले, अगदी ओशाळून.

आता तुम्हीच सांगा, खानदेशातला माणूस, हयातभर भरीत-भाकरीवर वाढलेला, आणि वांगं म्हणजे काय ते कुठंतरी ऐकलंय! त्या दिवशीसुद्धा त्यांच्या फडक्यात भरीतच बांधलेलं होतं. अक्काने गाठ सोडून दाखवलं. आबा खाली बसले. "आईशप्पथ," ते म्हणाले, "मी याला ढोंगी म्हटलं." त्यांनी नानांचा हात धरून त्यांना केससमोर नेऊन उभं केलं. नानांनी आधी हात जोडले, मग कामाला लागले. त्या दिवसापासून आबांनी एक नियम केला: नानांनी जुळवायचं, तपासायचं मात्र आबांनी स्वतः.

मी त्यानंतर दर रविवारी देवपूरला जाऊ लागलो. सोबत पिशवीत वस्तू न्यायचो: किल्ली, कंगवा, कांदा, दिवा. नाना कंगवा घेऊन केस विंचरत. पण त्याला काय म्हणतात ते सांगता येत नसे, आणि मी सांगितलं तरी तो शब्द त्यांना परका वाटे. उलट वार कुठला, बाजार कधी, गेल्या रविवारी मी कुठे बसलो होतो, हे सगळं चोख. रस्ता चुकत नसत. पत्ते खेळताना मला हरवत. म्हातारपणाचा विसराळूपणा असा नसतो, वेडही असं नसतं. मी कॉलेजातल्या माझ्या जुन्या प्रोफेसरांना पत्र टाकलं. त्यांनी कळवलं की असे रोगी विलायतेकडच्या डॉक्टरांनी पाहिलेले आहेत; मेंदूचा डावा कानशिलाकडचा भाग, जिथे शब्दांचा अर्थ राहतो असं मानतात, तोच तेवढा वाळत जातो; उपाय नाही; आणि खात्री करायची तर मेल्यानंतर डोकं उघडूनच.

शेवटचं वाक्य मी कुणाला सांगणार नव्हतो. पण मधे शांताचं प्रकरण उपटलं.

शांता ही नानांची एकुलती मुलगी, सावद्याला दिलेली, केळीवाल्या मोठ्या घरात. तिला दिवस गेले होते. वडील वेडे झाल्याची बातमी तिकडे पोहोचली, तीही तिखटमीठ लावून, आणि सासऱ्याने सांगितलं: वेड रक्तात असतं. वेड्याच्या मुलीचं मूल आम्हाला नको. बाळंतपणाला जाशील ती तिकडेच राहा. शांता खरोखरच पेटी घेऊन आली. माहेरी येताना पोरी हसतात. ही आली ती भिंतीला तोंड करून झोपली.

नानांना वस्तूंचे शब्द समजत नव्हते. पण पोरीचं झोपणं समजलं. त्या रविवारी मी गेलो तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बसवलं. बोलायला पंधरा मिनिटं लागली असतील. जे सांगितलं ते असं. आधी स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवलं. "केस," म्हणाले; म्हणजे छापखान्यातली ती पेटी. मग मूठ धरून जमिनीकडे उघडली. "खिळे पडी गयात." मग, घरं अजून आहेत हे पटवायला, माझा हात घट्ट धरला. "घरं शेत. देखा. मी... ते... येडा नही." आणि आत झोपलेल्या शांताकडे मान वळवली.

मी म्हटलं, "नाना, मला माहीत आहे. पण तिच्या सासऱ्याला माझ्या तोंडच्या शब्दावर विश्वास बसायचा नाही. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मलाही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही."

"मंग देखा," नाना म्हणाले.

"जिवंतपणी नाही दिसत ते."

त्यांनी एखाद्या पेटीचं झाकण उचलावं तसे दोन्ही हात टोपीवरून वर नेले. "मरनू का... उघाडा. देखा. बठ्ठास्ले सांगा." सगळ्यांना सांगायची मुभा देऊन मग चक्क हसले. मला मात्र रडू आलं. अक्का दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं तर, त्यांनी सांगितलं म्हणजे ठरलं अशा सुरात ती म्हणाली, "त्यास्नी सांगं ना? मंग सांगं."

पुढे दोन वर्षं गेली. शांताला मुलगा झाला. तो रांगायला लागला, चालायला लागला, तरी सावद्याहून बोलावणं नाही. इकडे नातू एकेक शब्द उचलत होता आणि आजोबा एकेक खाली ठेवत होते. मधे कुठेतरी दोघे बरोबरीला आले होते; तेव्हा दोघांचं फार जमायचं. शांताचं नाव नानांच्या तोंडून गेलं. माझं तर केव्हाच गेलं होतं. मी "भाऊ" झालो होतो, आबाही "भाऊ", गोविंदभाऊ आले तर तेही. प्रत्येक वस्तू "खिळा" झाली. भाकरी खिळा, पाऊस खिळा. हात मात्र केससमोर उभे केले की चालत होते, हळूहळू. आबा त्यांच्याकडून रोज एक ओळ तरी जुळवून घ्यायचे. कुठली तरी जुनी, नको असलेली ओळ. नाना घरी गेले की आबा खिळे परत आपापल्या घरांत टाकायचे. नदीवरून ने-आण करायला आता अक्का बरोबर असे. आबा एरवी तापट, पण खिळे परत टाकायचं हे काम दोन वर्षं त्यांनी न कंटाळता केलं.

नाना गेले ते भर दुपारी, तापाने, तीन दिवसांत. मी जवळ होतो. घर माणसांनी भरलं, भाऊबंद जमले, तिरडी बांधायला घेतली, आणि मी अक्काकडे कसा जाऊ, काय तोंडाने विचारू, या विचाराने अंगणातच घुटमळत राहिलो. शेवटी तीच उठून आली. डोळे कोरडे. "डाक्टर, कागद आना."

भाऊबंदांनी आकांत केला. प्रेताची विटंबना करता का? गती मिळेल का? एक दीर तर माझ्या अंगावर धावून आला. अक्का मधे उभी राहिली. "त्या सोता सांगी गयात. मी आयकेल शे. जेले येवानं शे तो येवो, नही तो आपला घर बसो." सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरसाहेबांची परवानगी मी आधीच घेऊन ठेवली होती. मी संमतीच्या कागदावर लिहायला बसलो, 'मी, दगडू अमुक यांची पत्नी', आणि अडलो. इतक्या वर्षांत मला त्या बाईचं नाव माहीत नव्हतं. विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "यमुना." आणि अंगठा उठवला.

त्यातलं फार सांगत नाही. डोकं उघडायचं काम मोठ्या डॉक्टरसाहेबांनीच केलं. मी नुसता उभा होतो. मेंदू समोर आला तेव्हा वेगळं काही दाखवावं लागलं नाही. उजवी बाजू भरलेली. डावीकडे, कानशिलामागचं टोक, उन्हात वाळवलेल्या फोडीसारखं आक्रसलेलं. आणि त्याच्या मागचं, वरचं, बाकी सगळं बऱ्यापैकी शाबूत. मला एकदम नानांची मूठ दिसली, जमिनीकडे उघडलेली. घरं शेत, खिळे पडी गयात. त्यांनी आम्हा दोघा डॉक्टरांच्या आधी, दोन वर्षं आधी, बरोबर सांगितलं होतं.

दिवसकार्याच्या आत मी मजकूर लिहिला. साधा, सात-आठ ओळींचा: दगडूनानांना मेंदूच्या एका ठरावीक भागाचा आजार होता, तो आम्ही डोळ्यांनी पाहिला, ते वेडे नव्हते, ढोंगी नव्हते, अखेरपर्यंत माणसं ओळखत होते, कामावर येत होते. रक्तातून येतो की नाही याबद्दल मी लिहिलं नाही, कारण मला ठाऊक नव्हतं, आणि नानांच्या कागदावर ठाऊक नसलेलं छापणं बरं दिसलं नसतं. आबांनी तो कुणाला जुळवू दिला नाही. स्वतः केससमोर उभे राहिले. सवय सुटलेली, एकेक खिळा शोधायला वेळ लागत होता. नावाच्या आधी 'कै.' जुळवायचं आलं तेव्हा त्यांचा हात थांबला. त्यांनी स्वतःच्या कानाची पाळी धरली आणि तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "यावेळी बरोबर आहे रे," आणि जुळवलं.

कागद घेऊन आबा आणि गोविंदभाऊ सावद्याला गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. आठ दिवसांनी शांताचा नवरा स्वतः बैलगाडी घेऊन देवपूरला आला. सासरा आला नाही, पण गाडी त्याचीच होती. पोराला मांडीवर घेऊन शांता निघून गेली.

त्या संध्याकाळी मी अक्काकडे गेलो. घर एकदम मोकळं झालेलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तो कागद वाचून दाखवला. मग तिने विचारलं तेव्हा माझ्या कानशिलाला बोट लावून दाखवलं, की इथे, एवढ्या जागेत, शब्द असतात, नावं असतात. ते सगळं वाळून गेलं होतं. म्हणून वांगं गेलं, शांता गेली, आम्ही सगळे गेलो.

"आन् मी?" तिने विचारलं.

खोटं सांत्वन करायला मी तोंड उघडलं होतं. पण तिला माझं उत्तर नको होतं. ती चुलीपुढच्या रिकाम्या पाटाकडे बघत होती. नाना तिथे जेवायला बसायचे. गेले त्या सकाळीसुद्धा, तापात, मी नाडी धरून बसलेला असताना, त्यांनी डोळे उघडून दाराकडे पाहिलं होतं आणि स्पष्ट म्हटलं होतं, "अवं, आयकस का?" आणि आतून ती धावत आली होती, "आयकस, आयकस" करत.

"मन्हं नाव त्यास्नी जनमभर कधी लिधंच नही, डाक्टर," अक्का म्हणाली. "मंग ते पडी कथाईन?"